वाड्यावरचे मदतकेंद्र कसे चालवावे

गोव्यातल्या गावडोंगरी, खोतीगाव, नेत्रावळी, बार्से, मोरपिर्ला या बाजूच्या वाड्यांवर, म्हणजे डोंगरातल्या वस्त्यांवर, सरकारी योजना पोचतच नाहीत, असे म्हणणे अर्धेच खरे आहे. योजना असते, अंगणवाडी असते, शिष्यवृत्तीची तरतूद असते. सगळे अडते ते एका कागदावर. तो आणायला तालुक्याला जायचे, तिथे दुसराच कागद कमी आहे असे कळायचे आणि हात हलवत परत यायचे. प्रत्येक खेपेला एका माणसाचा रोज बुडतो, बसचे भाडे जाते ते वेगळेच. दोन खेपा वाया गेल्या की माणूस तिसऱ्यांदा जात नाही, आणि मग त्या घरचे मूल वर्षानुवर्षे यादीबाहेर राहते. ही तिसरी खेप वाचवणे हेच मदतकेंद्राचे मूळ काम. त्याला मोठी संस्था लागत नाही. चार-पाच माणसे, एक पत्र्याची पेटी, एक वही आणि आठवड्यातले ठरलेले दोन तास एवढ्यावर भागते.

माणसे आणि जागा

स्वयंसहाय्य गटातल्या दोन बायका, अंगणवाडी सेविका, अर्ज भरता येईल असा बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी, आणि वाड्याची वंशावळ तोंडपाठ असलेले एक वयस्क माणूस. हे शेवटचे माणूस कधीही गाळू नका. कुणाचा आजा कुठून आला, कुणाचे पाळण्यातले नाव वेगळे आणि शाळेतले वेगळे, कोणते मूल कोणत्या चवथीच्या आगेमागे जन्मले, हे त्यालाच ठाऊक असते. पूर्वी बाळंतपणे करणारी वयजीण हयात असेल तर तिला पहिल्याच बैठकीला बोलवा.

बुदवंताला, म्हणजे समाजाच्या मानाच्या प्रमुखाला, आधी भेटून काम समजावून सांगा, म्हणजे पुढे अडथळा येत नाही. पंचाची, म्हणजे पंचायत सदस्याची, मदत जरूर घ्या, पण केंद्र त्याच्या घरी मांडू नका. निवडणुकीत जे घर दुसऱ्या बाजूला होते, ते त्या घराची पायरी चढणार नाही, आणि बहुधा तेच घर जास्त गरजू असते. शाळेची ओसरी किंवा समाजगृह बरे. मांड, म्हणजे सणाच्या नाचगाण्यांची मानाची जागा, मात्र धालोंचा, शिगम्याचा; तिथे अर्ज आणि झेरॉक्स नेऊन बसू नये.

सरकारी कार्यालये शनिवारी आणि रविवारी बंद, त्यामुळे रविवारी केंद्र आणि सोमवारी तालुक्याची फेरी, हे गणित जमते. ख्रिस्ती गावड्यांच्या वाड्यावर चर्चमधल्या मिसानंतरची (प्रार्थनेनंतरची) वेळ ठेवा. मार्च ते मे काजूचा हंगाम, घरे दिवसभर डोंगरावर. तेव्हा दिवेलागणीला बसा. लावणीच्या दिवसांत गर्दी होणार नाही, तेवढ्यात जुनी प्रकरणे हातावेगळी करा. सोमवारच्या फेरीला एकच माणूस सगळ्यांचे कागद घेऊन जातो. ज्याला स्वतः सही किंवा अंगठा द्यायचा आहे, तेवढाच त्याच्याबरोबर.

घरची फाइल

दर घरामागे एक जाड प्लास्टिकची, चेन लावता येणारी पिशवी. गोव्याच्या पावसाळ्यात कपाटातल्या कागदालाही बुरशी धरते, आणि कौलारू घरात पेटाऱ्याखाली ठेवलेला कागद कसर खाते. पिशवीत पहिल्या पानावर घरातल्या सगळ्यांची यादी: पूर्ण नाव, जन्मतारीख, आणि प्रत्येक कागदावर ते नाव नेमके कसे लिहिले आहे ते. हा तिसरा रकानाच खरा कामाचा. एकाच माणसाचे आडनाव आधारवर एक, रेशन कार्डावर दुसरे आणि शाळेच्या दाखल्यावर तिसरे, हे वाड्यावर रोजचे आहे. इंग्रजीत एका अक्षराचा फरक असला तरी संगणक अर्ज परत पाठवतो. पोर्तुगीज काळच्या नोंदीत तर गांवकर हे आडनाव ‘के’ऐवजी ‘सी’ने लिहिलेले सापडते. हे फरक आधी मांडून ठेवले की कुठला कागद दुरुस्त करायचा ते शांतपणे ठरवता येते. साधा नियम असा: जन्मनोंद पाया धरा आणि बाकीचे कागद तिच्याशी जुळवा. उलटे केले तर मूल दहावीला पोचल्यावर सगळे पुन्हा करावे लागते.

मूळ कागद घरातच राहू द्या. केंद्रात फक्त झेरॉक्स ठेवा, प्रत्येकाच्या तीन प्रती. जुने पोर्तुगीज कागद लॅमिनेट करू नका. उष्णतेने शाई उडते आणि कागद कायमचा चिकटतो. दोन कोऱ्या कागदांच्या मध्ये घालून, घडी न पाडता ठेवा आणि मोबाइलवर उजेडात फोटो काढून घ्या.

जन्माची नोंद

नोंद होते ती जन्म जिथे झाला तिथल्या पालिकेत किंवा पंचायतीत, घर जिथे आहे तिथे नव्हे. मडगावच्या इस्पितळात जन्मलेल्या मुलाचा दाखला काणकोणच्या पंचायतीत शोधत बसलेली माणसे दर वर्षी भेटतात. म्हणून डिस्चार्जचा कागद जपून ठेवायला बाळंतिणीला आधीच सांगा.

२१ दिवसांत नोंद फुकट होते. ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क, त्यानंतर एका वर्षापर्यंत अधिकाऱ्याची लेखी परवानगी, आणि एक वर्ष उलटले की जिल्हाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यासाठी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. १ ऑक्टोबर २०२३पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेश आणि इतर बऱ्याच कामांसाठी जन्मदाखला हाच पुरावा धरला जातो, तेव्हा लहान मुलांच्या बाबतीत टाळाटाळ चालणार नाही.

सगळ्यांत जास्त राहून जाते ते नाव. इस्पितळ नोंद पाठवते तेव्हा बारसे झालेले नसते. दाखल्यावर आईबापांची नावे असतात आणि बाळाचा रकाना कोरा. नाव एका वर्षाच्या आत फुकट घालता येते, पुढे १५ वर्षांपर्यंत शुल्क भरून. बारसे झाले की त्याच आठवड्यात हे काम वहीत चढवा.

आधार पाच वर्षांखालच्या मुलाचेही निघते, पण त्यात बोटांचे ठसे नसतात. पाचव्या आणि पुन्हा पंधराव्या वर्षी ठसे अद्ययावत करावे लागतात. हे न केल्याने नववी-दहावीच्या शिष्यवृत्तीच्या वेळी आधार चालत नाही. म्हणून मुलांची यादी वयाप्रमाणे लावा, पाच आणि पंधरा पुरी होणारी नावे दर जानेवारीत लाल शाईने खुणावा.

जमातीचा दाखला

गावडा, कुणबी आणि वेळीप या तीन समाजांचा गोव्याच्या अनुसूचित जमातींच्या यादीत समावेश झाला तो २००३ साली. त्याआधी शिकलेल्या आईबापांच्या शाळेच्या दाखल्यावर जमात लिहिलेलीच नसते किंवा भलतेच काही लिहिलेले असते. त्यामुळे मुलाचा दाखला काढताना बापाचा किंवा बापाच्या भावाबहिणींपैकी कुणाचा तरी आधी मिळालेला दाखला जोडणे सर्वांत सोपे. कुटुंबात एकालाही नसेल तर पहिला दाखला आजोबा किंवा बाप यांच्या नावे काढा, तोच पुढे सगळ्यांना उपयोगी पडतो. सोबत वंशावळ, जन्मनोंदी, वास्तव्याचा पुरावा आणि समाजाच्या मान्य संघटनेचे पत्र तयार ठेवा. तलाठ्याची चौकशी होते, त्या दिवशी घरात जाणते माणूस असले पाहिजे. घर बंद दिसले की अहवाल लटकतो.

तीन गैरसमज पुन्हा पुन्हा निस्तरावे लागतात. एक, ख्रिस्ती झालेल्या कुटुंबाला दाखला मिळत नाही हा. अनुसूचित जमातीचा दर्जा धर्मावर अवलंबून नाही. सासष्टीतला ख्रिस्ती गावडा आणि काणकोणचा हिंदू वेळीप दोघेही पात्र. दुसरा, लग्नाने जमात बदलते हा. बाई जन्माने ज्या जमातीची, त्याच जमातीची राहते. म्हणून सुनेचा दाखला तिच्या माहेरच्या कागदांवरून काढायचा, आणि ते कागद लग्न होऊन येतानाच मागून घ्यावेत. तिसरा, गांवकर आडनाव पुरेसे आहे हा. हे आडनाव इतर समाजांतही आहे, त्यामुळे अधिकारी वंशावळ मागणारच. त्यात अपमान मानू नये.

धनगर-गवळी कुटुंबे याच डोंगरात राहतात, याच शाळेत मुले पाठवतात, पण ती अजून अनुसूचित जमातींच्या यादीत नाहीत. गोव्यात त्यांची गणना इतर मागासवर्गीयांत होते. त्यांची फाइल तितक्याच आस्थेने करा, फक्त अर्ज वेगळे. चुकीचा अर्ज भरून वर्ष घालवणे ही त्या मुलावर अन्यायाची भर आहे.

अंगणवाडी आणि दंडाची पट्टी

सहा महिने ते सहा वर्षांची मुले, गरोदर बाया आणि स्तनदा माता यांचा अंगणवाडीच्या आहारावर हक्क आहे. तीन वर्षांखालच्यांना शिधा घरी मिळतो, पुढच्यांना शिजवलेले. वाडा मुख्य गावापासून लांब असेल तर लहानग्यांचा शिधा न्यायला कुणी जात नाही. दोन-तीन घरांनी मिळून पाळी लावली की हे सुटते. वाड्यावर सहा वर्षांखालची किमान ४० मुले असतील आणि अंगणवाडी नसेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या २००६च्या आदेशानुसार मागणी करता येते. अर्जाला मुलांची नावे, जन्मतारखा आणि पालकांच्या सह्या जोडा. नुसत्या ‘अंगणवाडी हवी’ अशा निवेदनाचे काही होत नाही.

वजनाचा काटा महिन्यातून एकदाच येतो. मधल्या काळात दंडाचा घेर मोजायची पट्टी वापरा. ती आरोग्य केंद्रातून मिळते आणि वाड्यावरची कुठलीही बाई पाच मिनिटांत शिकते. मूल सहा महिने ते पाच वर्षांचे हवे. डावा हात कोपरात वाकवून खांद्याचे टोक आणि कोपराचे टोक यांच्या मधोमध पेनाने खूण करा. मग हात सैल सोडून सरळ लोंबू द्या आणि खुणेवर पट्टी गुंडाळा. पट्टी कातडीला लागलेली हवी, पण कातडी दबता कामा नये. मूल रडत असेल, हात आवळून धरला असेल तर माप चुकते. आईच्या मांडीवर शांत होईपर्यंत थांबा. १२.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरले तर सेविकेला सांगून आहार आणि वजन दोन्हींवर लक्ष ठेवा. ११.५पेक्षा कमी असेल तर रविवार असो की सण, त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्या. दोन्ही पावले सुजलेली असून अंगठ्याने दाबल्यावर खळगा राहत असेल तर माप काहीही येवो, लगेच न्या. सुजलेले मूल गुबगुबीत दिसते, म्हणूनच ते हातचे निसटते.

काजूच्या हंगामात मुले आईबापांबरोबर डोंगरावर जातात. सत्तरी तालुक्यात २०१५पासून माकडताप दिसला आहे आणि तो गोचिडीतून येतो. मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, आरोग्य केंद्राने दिलेले तेल हातापायांना लावा, परत आल्यावर अंग धुऊन कानामागे आणि काखेत गोचीड पाहा. मेलेले माकड दिसले तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा.

शाळा आणि शिष्यवृत्ती

मुले गळतात ती दोन ठिकाणी. वाड्यावरची प्राथमिक शाळा चौथीला संपते आणि हायस्कूल लांब असते, तिथे पहिली गळती. दुसरी दहावीनंतर. चौथीच्या प्रत्येक मुलाच्या घरी निकालाआधीच जाऊन पाचवीची शाळा, बस किंवा बालरथ (शाळेची बस) कुठल्या थांब्यावर येतो आणि पहाटे किती वाजता निघावे लागेल, हे ठरवून टाका. मुलगी एकटी पडत असेल तर तिच्या थांब्यावरून जाणारी दुसरी मुले जोडून द्या. आईबापांची खरी भीती रस्त्याची असते. सहा ते चौदा वयाच्या मुलाला वयाचा पुरावा नाही किंवा आधीच्या शाळेचा दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे शिक्षणहक्क कायद्यात स्पष्ट आहे. तोंडी नकार मिळाला तर ‘हे लिहून द्या’ एवढेच शांतपणे म्हणा.

पहिल्या वर्षी भाषेचाही अडसर असतो. मूल घरी जी कोंकणी बोलते ती शाळेतल्या पुस्तकात नसते, मग ती शाळा मराठी असो की इंग्रजी. गप्प बसणाऱ्या मुलाला मंद ठरवू नये म्हणून वर्गशिक्षकांना एकदा वाड्यावर बोलवा. घर पाहिलेला शिक्षक त्या मुलाशी वेगळ्या रीतीने बोलतो.

नववीपासून केंद्र सरकारची शिष्यवृत्ती आहे, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २.५ लाख रुपयांपर्यंत असेल तर. दहावीपुढे राज्याच्या आदिवासी कल्याण खात्याची ‘गगन भरारी शिक्षा योजना’ही पाहा, घरदुरुस्तीसाठी याच खात्याची ‘अटल आसरा योजना’ आहे. अर्ज मंजूर होऊनही पैसे न येण्याचे कारण बहुतेक वेळा बँकेत सापडते. थेट जमा होणारी रक्कम आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जाते, तुम्ही अर्जात लिहिलेल्या खात्यात नव्हे. घरातल्या कुणी मुलाच्या नावे मधे दुसरे खाते उघडले असेल तर रक्कम तिकडे गेलेली असते. दोन वर्षे व्यवहार नसलेले खाते बंद पडल्यासारखे होते. म्हणून अर्ज भरण्याआधी बँकेत जाऊन दोन प्रश्न विचारा: खाते चालू आहे का, आणि आधार याच खात्याला जोडलेले आहे का. मग शंभर रुपये भरा आणि काढा. मोबाइलवर येणारा ओटीपी पालकाने स्वतः वाचून सांगायचा. पासवर्ड वहीत लिहू नका.

वनहक्काचा दावा

जमिनीचा प्रश्न मुलांच्या कामापासून वेगळा काढता येत नाही, कारण ज्या कुटुंबाला आपली भाटे (बागायती) उद्या राहतील की नाही हे ठाऊक नाही, ते कुटुंब मुलाला लांबच्या शाळेत ठेवायला कचरते. २००६च्या कायद्याने अनुसूचित जमातीच्या कुटुंबाला १३ डिसेंबर २००५पूर्वीपासून कसत असलेल्या वनजमिनीवर, जास्तीत जास्त ४ हेक्टरपर्यंत, हक्क मागता येतो. पुरावे किमान दोन लागतात. घरपट्टीची पावती, रेशन कार्ड, मतदार ओळखपत्र हे कागदी. बांध, विहीर, देवाची जागा, पुरलेल्यांच्या जागा हे जमिनीवरचे. आणि दावेदाराखेरीज दुसऱ्या वयस्क माणसाचा लिहून घेतलेला जबाब. उपग्रहाचे चित्र नाही एवढ्या कारणावरून दावा फेटाळता येत नाही. नामंजुरीची कारणे लेखी मागा आणि ६० दिवसांत वरच्या समितीकडे अर्ज करा. मोजणीच्या दिवशी दावेदार आणि शेजारी दोघांनी जागेवर उभे राहावे. कसलेली जमीन दावेदाराच्या गैरहजेरीत मोजली गेली की कागदावर ती कमी उतरते. विवाहितांच्या बाबतीत पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे व्हायला हवा. बायकोचे नाव गाळलेले दिसले तर तिथेच दुरुस्त करून घ्या.

वकील लागला तर खर्चाची भीती नको. अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला, स्त्रीला आणि मुलाला उत्पन्न कितीही असले तरी मोफत कायदेशीर मदत मिळते. तालुका विधी सेवा समितीत अर्ज करा किंवा १५१०० वर फोन करा.

मुलाला धोका असेल तेव्हा

मारहाण, लैंगिक अत्याचार, अठरा वर्षांआधी ठरलेले मुलीचे लग्न, शहरात घरकामाला पाठवलेले चौदा वर्षांखालचे मूल. यातले काहीही कळले तर १०९८ वर फोन करा. तो दिवसरात्र चालतो. तातडीचा धोका असेल तर ११२. लैंगिक अत्याचाराची नुसती शंका असली तरी पोलिसांना कळवणे कायद्याने बंधनकारक आहे; वाड्यावर बैठक बसवून, दंड ठरवून प्रकरण मिटवणे हा मुलावर दुसरा अत्याचार आहे. बुदवंत कितीही आदरणीय असले तरी इथे त्यांचा निवाडा चालत नाही, आणि हे त्यांना मदतकेंद्र सुरू करतानाच सांगितलेले असावे, प्रसंग आल्यावर नव्हे.

मुलाला खोदून खोदून विचारू नका. जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत, त्याच्याच बोलीत लिहून ठेवा, वेळ घाला, आणि ‘तू सांगितलेस ते बरे केलेस’ म्हणा. कपडे धुऊ नका, अंघोळ घालू नका. नाव वहीत लिहू नका. ती वही सगळे चाळतात. अशा प्रकरणांचा कागद वेगळ्या पाकिटात, एकाच माणसाकडे.

पैसे

केंद्राने कुणाकडून काहीही घेऊ नये, चहासुद्धा नाही. मंजूर रकमेतला वाटा मागणारे दलाल वाड्यावर फिरतात. त्यांच्यापासून वेगळे दिसायचे तर हाच एक उपाय. झेरॉक्स, फोटो आणि सोमवारच्या बसभाड्याचा खर्च गटाने महिन्याला थोडे थोडे घालून भागवावा आणि हिशेब भिंतीवर लावावा.

पावसाआधी

मेच्या शेवटच्या रविवारी एक यादी करा: जून ते सप्टेंबर या काळात कोणत्या बायकांचे दिवस भरतात, आणि त्यांच्या घरापासून रस्त्यापर्यंत कोणता व्हाळ (ओढा) आडवा येतो. ज्यांच्या वाटेवरचा साकव पाण्याखाली जातो त्यांनी तारखेच्या आठ-दहा दिवस आधी रस्त्याकडेच्या नातेवाइकांकडे येऊन राहावे, आणि तोवर घरच्या मुलांना कोण पाहील तेही त्याच बैठकीत ठरवावे. १०८ची गाडी कुठवर येऊ शकते ते ड्रायव्हरला आधी दाखवून ठेवा. तिथून पुढे डोलीला लागणाऱ्या चार माणसांची नावे, आणि त्यांतले कुणी घरी नसेल तर आणखी दोघांची, शाळेच्या ओसरीवर खडूने लिहून ठेवा. पुसली की पुन्हा लिहा.